निवडीच्या दिवशीची चोरलेली मडकी

दुर्गाबाईंनी त्या सकाळी लेकीला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, राख थंड दिसली तरी तिच्यावर पाय द्यायचा नाही. दुसरी, रोज दिसणारं माणूस दिसलं नाही, तर जाऊन पाहून यायचं.

"पार्बता सकाळपासून दिसली नाही मले," त्या कणीक मळता मळता म्हणाल्या. "एक चक्कर टाकून ये वं, जयवंता."

"जातो ना, माय," असं म्हणून जयवंता गेली, पण गेली ती थेट आगटीकडे. आज निवडीचा दिवस होता. आजच्या दिवशी आईचं कोण ऐकतं?

बडनेऱ्यापासून बैलगाडीने सकाळी निघालं तर न्याहारीला पोचता येईल, एवढ्यावर नांदसावंगी हे गाव होतं. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचं मोल आलं होतं. गावातल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. बायकांच्या पायांतले वाळे जाड झाले. सगळ्या गावाचा कापूस गावाबाहेर एकाच मोठ्या कुंपणात रचलेला असे. अमरावतीला गाड्या निघेपर्यंत तो तिथेच राही, आणि त्याची राखण करायला एक राखणदार असे. तो राखणदार निवडायचा आजचा दिवस.

निवड कशी करायची, याची रीत जुनी होती. चिंचेखाली दोन मडकी ठेवायची. एकावर हळदीचं बोट, दुसऱ्यावर गेरूचं. समोर घोंगडी आडवी बांधायची. दर घरातल्या कर्त्या माणसाने हात धुऊन, मुठीत कापसाची एक सरकी घेऊन घोंगडीमागे जायचं आणि आपल्या मनातल्या मडक्यात ती टाकायची. कोणी कुणाला विचारायचं नाही. रांग मात्र सोडायची नाही. रांग सोडली की त्याची सरकी बाद.

आणि त्या दिवशी घरोघरी चूल बंद! चिंचेपासून थोड्या अंतरावर गोवऱ्यांची एक भलीमोठी आगटी पेटवायची आणि सगळ्या गावाचे रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, तिच्याच निखाऱ्यांत भाजायचे. या घरचा गोळा, त्या घरचा गोळा, सगळे एकत्र. बाहेर निघाला की कोणता कुणाचा ते कळायचं नाही, कळून घ्यायचंही नाही. त्या दिवशी दुसरा विस्तव कुठेही पेटवायचा नाही, असा दंडक होता. पाटील भगवंतराव दरवर्षी म्हणत, निवडीच्या दिवशी दोन मडकी चालतील, पण आगट्या दोन चालणार नाहीत.

हळदीचं मडकं पार्बताबाईंचं होतं. नवरा गेल्यापासून कापसाची राखण त्याच करत. कुंपणाच्या आतच त्यांची खोपी होती आणि सोबतीला भुऱ्या नावाचा कुत्रा. गेरूचं मडकं होतं रामरावांचं. रामरावांचा स्वभाव आनंदी, आवाज मोठा आणि मिशा त्याहून मोठ्या. कापसाला एवढा भाव आल्यावर त्याच्या राखणीला बाईमाणूस शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. पार्बताबाईंशी त्यांचं वैर नव्हतं. फक्त अमरावतीच्या बाजारात "राखणदार रामराव आले" असं कुणीतरी म्हणावं, याची त्यांना फार हौस होती.

जयवंताला हे मुळीच पटत नव्हतं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, तेव्हा शेजारीपाजारी दारावरून परत जायचे. पार्बताबाई मात्र आत येऊन बसल्या, कडुनिंबाच्या पाल्याने वारा घालत राहिल्या आणि ताप उतरेपर्यंत उठल्या नाहीत. तिच्या गालावर देवीचे दोन-तीन व्रण होते. ते दिसले की तिला पार्बतामायच आठवायची.

आगटीपाशी चंद्रभान आणि पुंजाराम आधीच पोचले होते. चंद्रभान जयवंताचा धाकटा भाऊ, आणि पुंजाराम शेजारच्या माळ्याचा मुलगा. दोघे अमरावतीच्या सरकारी शाळेत शिकत आणि संक्रांतीच्या सुट्टीत गावी आले होते. जयवंताला शाळा नव्हती, म्हणून सुट्टीही नव्हती. पण ते दोघे आले की तिची सुट्टी आपोआप सुरू होत असे.

आल्या आल्या चंद्रभानने शाळेतल्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. पुंजाराम म्हणाला की याचा आवाज मास्तरांसारखा नाही, मास्तरांच्या म्हशीसारखा येतो. मग दोघांची जुंपली. त्यांना सोडवायला जयवंता मध्ये घुसली आणि तिचा डावा पाय आगटीच्या कडेच्या पांढऱ्याशुभ्र राखेवर पडला.

राख गार दिसत होती. खालचा निखारा गार नव्हता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर आईला कळलं असतं. हाळावर, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या दगडी हौदावर, जाऊन तिने टाच बुडवली आणि चेहरा सरळ ठेवून परत आली.

"लंगडून काहून राहिली वं तू?" पुंजारामने विचारलं.

"नाचून राहिले. डोळे नाहीत का तुले?"

दुपारी रोडगे निघाले. बायकांनी राख झटकून ते टोपल्यांत भरले. वांग्याच्या भाजीचा घमघमाट सुटला. तिकडे चिंचेखाली रांग लागली. मुलं पळसाच्या पानावर रोडगा कुस्करून त्यात तूप-गूळ कालवत होती. तेवढ्यात पुंजारामने नाक वर केलं.

"वेलदोडा," तो म्हणाला.

रोडग्यात वेलदोडा नसतो. वांग्याच्या भाजीत तर नसतोच. वास आगटीकडून येतच नव्हता. तो येत होता गावाबाहेरून, कापसाच्या कुंपणाच्या बाजूने. तुपात भाजलेला रवा, गूळ आणि वेलदोडा! चंद्रभानने जाहीर केलं की कोणीतरी गुपचूप काहीतरी गोड करतं आहे आणि ते पकडलंच पाहिजे. चोर पकडण्यापेक्षा मुद्देमाल खाण्याची त्याला जास्त घाई आहे, असं पुंजाराम म्हणाला.

जयवंताचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं होतं. भाजीच्या हंड्याजवळ पळसाच्या पानावर एक रोडगा तसाच पडला होता. त्यावरचं तूप थिजून पांढरं झालं होतं.

"हा कोनाचा?"

तिथल्या एका बाईने सांगितलं की तो पार्बताबाईंचा. आगटीतून निघालेला पहिला रोडगा राखणदाराचा, ही गावची रीत. मग तो इथेच कसा? ही बाई म्हणाली, तिच्या जावेने पोचवायचा होता. जाऊ म्हणाली, तिला वाटलं पाटलांची सून घेऊन गेली. सून म्हणाली, पार्बताबाई स्वतःच येऊन नेतील असं ती समजली. प्रत्येकीला वाटलं होतं की दुसरीने नेला. आणि निवडीसाठी पार्बताबाई दरवर्षी शेवटी येत, म्हणून रांगेतही त्यांची कुणी वाट पाहिली नव्हती.

आईने सकाळी सांगितलेली दुसरी गोष्ट जयवंताला आत्ता आठवली. पहिलीची आठवण तिची टाच करून देतच होती.

तिने रोडगा उचलला आणि तिघे निघाले. वाटेवर मध्ये मध्ये राखेचे पांढरे ठिपके सांडलेले दिसले. कोणीतरी आगटीतले निखारे घमेल्यात घालून, वर राख पसरून इकडे आणले होते. आजच्या दिवशी! कापसाच्या दिशेने!

आता कुणी थट्टा करेना.

कुंपण पऱ्हाट्यांचं होतं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं. आत कापसाचा ढीग टेकडीएवढा पांढराफेक होता. भुऱ्या नेहमी दारापाशी उन्हात पसरलेला असे. आज तो मागच्या बाजूला, सावलीत, कुंपणाला पाठ लावून झोपला होता.

"थंडीत सावलीत काहून निजला हा?" चंद्रभान म्हणाला.

जयवंताने भुऱ्याच्या शेजारी जमिनीला हात लावला. जमीन चुलीजवळच्या मातीसारखी ऊबदार होती.

दोन पावलांवर एक खळगा होता. त्यात राख, आणि राखेतून वर आलेलं पितळी पातेल्याचं झाकण. झाकणाला कणकेने लिंपून वर पुन्हा निखारे ठेवले होते. वेलदोड्याचा वास तिथूनच येत होता. पण खळग्याच्या कडेची एक पऱ्हाटी टोकाशी लाल झाली होती. जाळ नव्हता. धुराची एक बारीक रेघ वर न जाता आडवी, कुंपणाच्या आत, कापसाच्या बुडाकडे चालली होती.

चंद्रभानने काठी उचलली. राख उकरून पातेलं बाहेर काढायचं त्याच्या मनात होतं.

"हात नको लावू." जयवंताने त्याचं मनगट धरलं. "वारा लागला की भडकते. माय रोज सांगते."

तिने कुंपणाच्या फटीतून आत पाहिलं. खोपीत बाजेवर पार्बताबाई पडल्या होत्या. अंगावर दोन गोधड्या, तरी बाज हलत होती. हिवतापाने त्या हुडहुडत होत्या. कुंपणाच्या दाराला आतून दोर बांधलेला होता. हाका मारल्या तरी उत्तर येईना.

पुंजाराम गावाकडे धावला. जयवंता आणि चंद्रभान खालच्या फटीतून सरपटत आत गेले. पार्बताबाईंचं कपाळ तव्यासारखं तापलेलं होतं. "पार्बतामाय, ऊठ वं," जयवंता म्हणाली. त्यांनी डोळे उघडले, तिला ओळखलं, पण उठता येईना. दोघांनी मिळून बाज ओढून पाहिली. ती हलली नाही. चंद्रभानने दाराचा दोर सोडला तेवढ्यात पुंजाराम परत आला, एकटाच.

धापा टाकत त्याने सांगितलं. रांग सोडायला कुणी तयार नाही. पाटील म्हणाले, निवड संपू दे, मग बोल. धूर म्हटल्यावर लोक हसले, आगटीचाच असेल म्हणाले. आणि रामराव तर रांगेतून वाकून कानात म्हणाले की मागच्या बाजूला जे आहे ते त्यांचं गुपित आहे, कुणाला सांगू नका, सर्वात मोठा तुकडा तुम्हालाच देतो.

तेव्हा सगळं उलगडलं. रामराव मागच्या महिन्यात गाडी घेऊन अकोल्याला गेले होते. रूळ टाकणाऱ्या साहेबांच्या तंबूतल्या खानसाम्याकडून ते केक नावाचा गोड पदार्थ शिकून आले होते, आणि येता-जाता त्याचं वर्णन करत. निवड होताच सगळ्या गावापुढे तो काढून ठेवायचा, असा त्यांचा बेत असणार. पण आज दुसरा विस्तव पेटवायला बंदी. म्हणून त्यांनी आगटीतलेच निखारे उचलून कुणाला न दिसेल अशी जागा शोधली होती. गावातली सर्वात वाईट जागा!

लाल टोकं आता एकाची तीन झाली होती. वारा उठत होता.

"लोक रांग सोडत नाहीत," जयवंता स्वतःशीच म्हणाली. "मग रांगच इकडे आणू."

"ते कसं?"

"मडके पळवून."

पुंजारामचं तोंड उघडंच राहिलं. निवडीची मडकी देवासारखी. त्यांना हात लावणाऱ्याला गाव काय करील, याचा कुणी विचारही केला नव्हता. तो म्हणाला, मी जातो. जयवंताने मान हलवली. बायका घोंगडीजवळ पाण्याचे तांबे भरत होत्या, त्यांच्यात पोरगी मिसळली तर कुणाला संशय येणार नव्हता. पुंजाराम घागर घेऊन हाळाकडे वळला. चंद्रभान पार्बताबाईंपाशी बसला.

चिंचेखाली जयवंता तांबे उचलत उचलत घोंगडीमागे शिरली. मडक्यांच्या तोंडावर भोकाचं फडकं बांधलेलं होतं. तिने एक डाव्या काखेत घेतलं, एक उजव्या काखेत, आणि पळत सुटली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग एक आवाज उठला.

"मडके! पोरीनं मडके नेले!"

अख्खी रांग मोडली. पागोटी सावरत, काठ्या उगारत सगळं गाव तिच्या मागे लागलं. सर्वात पुढे रामराव, कारण त्यांची खात्री होती की गेरूच्या मडक्यात सरक्या जास्त आहेत. जयवंताची टाच प्रत्येक पावलाला पुन्हा भाजल्यासारखी होत होती. मागून आई हाका मारत होती, तो आवाज तिला सर्वात कठीण गेला. ती थांबली नाही. कुंपणाच्या दारात पोचली, मडकी अलगद खाली ठेवली आणि वळली.

"पार्बतामाय आत हाये," ती म्हणाली. "अन् कापूस पेटून राहिला."

तेवढ्यात मागच्या बाजूने पहिला जाळ वर आला.

पुढचं सगळं भराभर झालं. पुंजाराम घागरीमागून घागर ओतत होताच. भगवंतरावांनी एका दमात कामं वाटून दिली. हाळापासून माणसांची ओळ लागली, मघाचीच रांग, फक्त मुठीत सरकीऐवजी हातात घागर. कुणीतरी चिंचेखालची घोंगडी भिजवून आणली आणि जाळावर दाबून धरली. बाप्यांनी पागोटी भिजवली. बायकांनी ओला कापूस बाजूला ओढला. रामराव खळग्यापाशी क्षणभर नुसते उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग त्यांनी जळत्या पऱ्हाट्या दोन्ही हातांनी उपटून दूर फेकल्या, आत घुसले आणि पार्बताबाईंना बाजेसकट उचलायला खांदा दिला.

विस्तव विझला. ढिगाचा एक कोपरा काळा झाला होता, बाकीचा पांढराच होता.

बाज चिंचेखाली आणली. दुर्गाबाईंनी पार्बताबाईंना सुंठेचा काढा पाजला. भगवंतराव जयवंतासमोर उभे राहिले. आजपर्यंत कुणी ती मडकी जागची हलवली नव्हती, असं ते म्हणाले.

"तुमी सांगून ऐकत नव्हते, पाटीलबा," जयवंता खाली बघत म्हणाली. "मग जे सोडून तुमी येनार नव्हते, तेच न्यावं लागलं."

पाटलांनी भिजलेलं पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं.

"पोट्टे शिकले ते बरं झालं," ते म्हणाले. "अन् हे पोरगी न शिकता एवढी हाये, तं शिकल्यावर काय होईल?" अमरावतीला मुलींना कोणी शिकवतं का, याची पुढच्या खेपेला आपण चौकशी करू, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पुंजारामने पाणी ओतलं नसतं तर आम्ही पोचूनही उपयोग झाला नसता, हेही सांगितलं. चंद्रभानची पाठ थोपटली तेव्हा तो एवढा फुगला की पुंजारामला त्याला चिमटा काढावा लागला.

मग रामराव पुढे आले. त्यांचे दोन्ही तळवे भाजले होते.

"माह्याच हौसेनं गाव जळत होतं," ते म्हणाले. नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "पोरांनो, तुमचे लई उपकार."

मडकी जागेवरून हलली, म्हणून सूर्य मावळायच्या आत निवड पुन्हा करायची असं ठरलं. सरक्या ओतून दिल्या. पण आडपडदा कुठला? घोंगडी जळून तिची चाळण झाली होती. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्यांनी सगळ्यांदेखत सरकी टाकली. पहिले रामराव गेले. भाजलेल्या बोटांत त्यांना सरकी धरता येईना, तेव्हा चंद्रभानने ती त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती हळदीच्या मडक्यात टाकली. त्यांच्या मागून एकेक जण हळदीच्याच मडक्याकडे वळत गेला.

शेवटी पार्बताबाईंची पाळी आली. त्यांना उठवत नव्हतं, म्हणून जयवंताने दोन्ही मडकी बाजेपाशी नेली. पार्बताबाईंनी दोन्हींत डोकावून पाहिलं. मग आपली सरकी गेरूच्या मडक्यात टाकली.

"माय, चुकलं वं," जयवंता कुजबुजली. "ते रामरावकाकांचं."

"ठाऊक हाये मले. त्यानं खांद्यावर आनलं मले, हात जाळून. त्याचं मडकं रिकामं राह्यलेलं बरं दिसत नाही."

रामरावांनी तोंड फिरवलं. धूर डोळ्यांत गेला, असं ते म्हणाले. धूर केव्हाच विरला होता.

पातेलं मग थंड झाल्यावर उघडलं. खालून केक कोळसा झाला होता, वरून राख, पण मधला भाग लुसलुशीत होता. शिऱ्याला झोप लागली तर तो असाच लागेल, असं चंद्रभानचं मत पडलं. पहिला तुकडा मात्र त्याला मिळाला नाही. पाटलांनी त्याच दिवशी नवा नियम केला होता: राखणदाराचा घास त्याच्या हातात दिल्याशिवाय गावाने तोंडात घास घ्यायचा नाही. जयवंताने केकचा मऊ तुकडा पार्बताबाईंच्या हातावर ठेवला आणि तो त्या खाईपर्यंत सगळं गाव ताटकळत उभं राहिलं.

घरी आल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, "पाय दाखव."

जयवंताने टाच पुढे केली. आई रागावली नाही. कोरफडीचा गर लावून तिने चिंधी बांधली आणि लेकीच्या गालावरच्या देवीच्या व्रणांवरून एकदा बोट फिरवलं.

"पाहून आली शेवटी," ती म्हणाली.

तर मुलांनो, तुमच्याही आळीत, तुमच्या जिन्यावर असं एखादं माणूस असेलच, जे रोज दिसतं म्हणून आपण त्याच्याकडे बघत नाही. आज सकाळपासून ते दिसलं का? दुसरं कुणीतरी जाऊन आलं असेल, असं मनात आलं तर हा थिजलेल्या तुपाचा रोडगा आठवा. गोष्ट इथे संपली. आता चप्पल घाला आणि त्यांना पाहून या.